उंबऱ्याच्या आतलं पाणी

१

सोमवार म्हणजे निरोपाचा दिवस. कायमच्या घराचा हुकूम पालिकेकडून शुक्रवारी यायचा, शनिवार-रविवार बोचकी बांधण्यात जायचे आणि सोमवारी दहाच्या सुमाराला कुणी ना कुणी सामान घेऊन जिना उतरायचं. इस्क्राची सुट्टी नेमकी सोमवारी. त्यामुळे पाच महिन्यांत तिनं इतके निरोप दिले होते, की रेल्वेच्या फलाटावरल्या हमालालाही तिची कीव आली असती.

इमारत पूर्वी सूतगिरणीतल्या कामगार बायकांचं वसतिगृह होती. गिरणी बुडाली, बायका पांगल्या आणि पुढली पंधरा वर्षं तिथे कबुतरं आणि दारुडे नांदले. मग कुठून तरी युरोपची मदत आली. पालिकेनं भिंतींना जर्दाळूचा रंग दिला, पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या आणि फाटकावर निळी पाटी ठोकली : ‘संक्रमण निवास’. घर गेलेल्यांनी इथे सहा महिने राहायचं, फार तर वर्ष, आणि पुढे जायचं. डॅन्यूबकाठच्या त्या गावानं पाटी वाचली आणि इमारतीचं नाव ठेवलं ‘वेटिंग रूम’.

त्या सोमवारी शेजारच्या अकरा नंबरमधले दोब्रीकाका निघाले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सारा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेलेला. छाती कामातून गेलेली. दोन छोटे खोकले, मग एक लांबलचक, आणि त्यानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज. पाच महिने इस्क्रानं भिंतीपलीकडून हेच ऐकलं होतं.

“थांबा हो काका, पाणी तरी ओतू द्या!” स्तान्काबाई ओरडल्या. त्या इमारतीच्या रखवालदार. साठी उलटलेली, बोलण्याला कुलूप नाही, पण मन लोण्याचं. त्यांच्या हातात पत्र्याचा मग होता.

“ओत बाई, ओत. डॅन्यूब आटायच्या आत ओत.”

माणूस घर सोडून निघालं, की मागे राहणाऱ्यानं उंबऱ्याबाहेर पाणी ओतायचं आणि जाणाऱ्यानं ते ओलांडून जायचं. वाट पाण्यासारखी सरळ वाहते म्हणतात. पालिकेच्या नियमांत हे कुठेही नव्हतं, पण कोरड्या उंबऱ्यावरून माणूस पाठवायचा म्हणजे स्तान्काबाईंच्या जिवावर यायचं. त्यांनी हातातला मग उपडा केला, काका ओलांडून गेले, दोघांच्या गप्पा जिन्यावरून खाली उतरत गेल्या. खोलीचं दार लावायला मागे राहिली इस्क्रा.

उंबऱ्याबाहेरची फरशी कोरडी ठणठणीत होती. पाणी आत होतं, परातीएवढं पसरलेलं. उंबरा चांगला दोन बोटं उंच होता. इस्क्रानं फडकं आणून ते टिपलं. उतार उलटा असेल, ती मनाशी म्हणाली. पालिकेचं काम, त्यात काय सरळ असायचं!

२

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती लाँड्रीतून परतली. हॉटेलांच्या चादरींना दिवसभर वाफेची इस्त्री करायची. संध्याकाळपर्यंत बोटांचे सांधे सुजून यायचे. बूट काढायचे, पलंगावर टेकायचं, “आई गं” म्हणायचं आणि सहा वाजता मिलाला फोन लावायचा. हा रोजचा पाठ.

मिला तिची सात वर्षांची मुलगी. ती गावाकडे सासूजवळ होती. नवरा सोफियाला जातो म्हणून गेला तो जर्मनीत उगवला, आणि नंतर तिथूनही मावळला. घरमालकानं इस्क्राला बाहेर काढलं तेव्हा बालकल्याण खात्याच्या बाईनं सांगितलं होतं, आधी घराचा कागद दाखवा, मग मुलगी न्या. त्या कागदासाठी इस्क्रा या खोलीत दिवस काढत होती. बाकी कशासाठी म्हणून नाही.

“आई, तू झोपलीस का?”

“नाही गं, ऐकतेय ना.”

“तू नेहमी झोपेतच बोलतेस. आजी म्हणते, तुझी आई चालता चालताही झोपते.”

“आजीला म्हणावं, तू ये आणि चादरी कर.”

तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणी तरी खोकलं. दोन छोटे, एक लांब. खुर्ची सरकली.

“ते काका किती खोकतात गं!” मिला म्हणाली.

“काका काल गेले नव्या घरी.”

“मग कोण खोकतंय?”

फोन ठेवून ती खाली गेली आणि स्तान्काबाईंना किल्ल्यांसकट वर घेऊन आली. अकरा नंबरमध्ये कुणी नव्हतं. गादी गुंडाळलेली, कपाट उघडं, नळ बंद. काल फरशी पुसताना स्तान्काबाईंनी स्वतः खुर्ची टेबलावर उलटी घातली होती. आता ती खिडकीजवळ होती, चार पायांवर.

“नळवाला आला असेल,” स्तान्काबाई म्हणाल्या. “आणि या भिंती म्हणजे पुठ्ठा. वरच्या मजल्यावर शिंकलं तर खालचे ‘शंभर वर्षं जग’ म्हणतात. तू आधी जेव काही तरी. तोंड बघ कसं उतरलंय.”

खरंच होतं ते. भिंती पुठ्ठ्याच्याच होत्या. इस्क्रानं घेवड्याचं सूप गरम केलं, पावाला मिरचीचा ठेचा लावून खाल्ला आणि नऊच्या आत झोपली. झोपताना तिला वाटलं, नळवाला आला असता तर त्यानं नोंदवहीत सही केली असती.

३

शनिवारी बाजारात तिला दोब्रीकाका दिसले. दोन्ही हातांत पिशव्या, एका पिशवीतून कांद्याच्या पाती डोकावताहेत, आणि स्वारी चक्क शीळ घालत चाललेली.

“काका! खोकला पळाला वाटतं?”

ते थांबले. हसले. पण अनोळखी माणसानं रस्ता विचारला, की आपण हसतो तसं.

“कसला खोकला?”

“मी इस्क्रा. बारा नंबर. तुमची शेजारीण.”

“हो, हो. वेटिंग रूम!” त्यांनी कपाळावर हात मारला. “खरं सांगू का पोरी, तिथलं काही आठवतच नाही आता. झोप अशी लागते नव्या घरात! सकाळी उठतो तो वीस वर्षांचा होऊन. गुडघा नाही, छाती नाही.” आणि त्यांनी दोन्ही पिशव्या एका हातात घेऊन दुसऱ्यानं तिचा खांदा थोपटला. “तुझाही कागद येईल. धीर धर.”

ते भराभर चालत गेले. गेले पाच महिने हाच माणूस जिन्यावर तीनदा टेकायचा.

इस्क्राला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो हेवा. घर मिळालं की माणूस इतकं सुधारतं! मग मलाही तसंच होईल, ती म्हणाली, मिलाला मी नदीवर नेईन, तिच्याबरोबर पळेन. घरी आल्यावर मात्र तिनं पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढला. काका बाजारात होते आणि भिंतीपलीकडे खुर्ची सरकत होती.

४

पुढच्या सोमवारी तेरा नंबरची व्यारा गेली. अनाथालयात वाढलेली बावीस वर्षांची पोर, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. बाळ पोटदुखीनं सतत रडायचं आणि ही त्याला घेऊन येरझाऱ्या घालत गुणगुणायची. गाणंही धड नाही, नुसते तीन सूर. तेही थकून थकून इतके सपाट झालेले, की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

इस्क्रा या वेळी मुद्दाम खाली वाकून बघत होती. स्तान्काबाईंनी मग कलता केला. पाण्याची धार उंबऱ्याबाहेर पडली, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. व्यारानं बाळाला छातीशी धरून पाऊल टाकलं, हसली, निघाली. इस्क्राची नजर क्षणभर बाळाच्या टोपीवर गेली. परत खाली पाहिलं, तर बाहेर थेंब नव्हता. आत परातीएवढं पाणी.

“मावशी, हे बघा.”

“काय बघू? सांडलंय.”

“तुम्ही बाहेर ओतलंत.”

“बाहेरच ओतणार ना! पन्नास वर्षं ओततेय. आतल्या माणसाला कुणी निरोप देतं का?”

त्या आपल्याच विनोदावर हसल्या. इस्क्राला हसू आलं नाही. उंबऱ्याच्या बाहेर पाणी असलं, तर आतलं माणूस बाहेरच्या वाटेला लागतं. आत असलं तर?

त्याच दुपारी, लख्ख उन्हात, तेरा नंबरमधून तीन सूर ऐकू येऊ लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पावलांसकट. इस्क्रा खोल्यांमधल्या बोळात उभी राहून ऐकत होती. तिनं पुष्कळ वेळ वाट पाहिली, पण बाळ काही रडलं नाही. आत कुणी तरी कुणालाच झोपवत नव्हतं आणि तरीही थांबत नव्हतं.

चार दिवसांनी बसमधून तिला व्यारा दिसली. बाबागाडी ढकलत, केस कापलेले, गाल वर आलेले. बावीसची पोर बावीसचीच दिसत होती.

इस्क्रानं कानाला खडा लावला, की आता यावर विचार करायचा नाही. चौदा तास झोपावंसं वाटणाऱ्या आणि सहा तास झोपणाऱ्या बाईच्या डोक्याचं काय खरं धरायचं? पण विचार काय, सांगून येतात थोडेच. इथून माणसं जातात ती ताजीतवानी होऊन जातात. त्यांचा तो सगळा शिणवटा कुठे जात असेल?

५

तिचा कागद ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी आला. द्रुझ्बा वस्तीत दोन खोल्या, चौथा मजला, दक्षिणेकडे बाल्कनी. तिनं तो तीनदा वाचला, मग बालकल्याणच्या बाईला वाचून दाखवला, मग सासूला.

“सोमवारी सकाळच्या बसनं आणते पोरीला,” सासू म्हणाली. “फाटकावर सोडीन आणि त्याच बसनं परत फिरेन. वर येणार नाही. त्या इमारतीत माझी बहीण होती गिरणीच्या वेळी. मला नाही आवडत तो जिना.”

“का?”

“का म्हणजे? उंच आहे.”

सासूकडून याहून जास्त कधीच निघत नसे. मग फोनवर मिला आली. आनंदानं तिचा आवाज चिरकत होता. नव्या घरात मांजर चालेल का, खालच्या अंगणात झोका आहे का, आणि आई, तू खेळशील ना माझ्याशी, की लगेच आडवी होशील?

“खेळीन,” इस्क्रा म्हणाली. तिला आपल्या लेकीपुढे इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी ती खाली रखवालदाराच्या काचेच्या खोलीत गेली. स्तान्काबाई वांग्यांची सालं काढत होत्या.

“मावशी, एक मागणं आहे. उद्या माझ्या मागे पाणी ओतू नका.”

सुरी थांबली. “वेड लागलं का तुला? कोरड्या वाटेनं लेकीला नेणार? मी म्हणते, उद्या त्या मुलीला काही झालं म्हणजे?”

“होऊ दे. म्हणजे, नाही होणार. पण पाणी नको.”

“तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.”

“तेवढंही नको,” इस्क्रा म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघी हसल्या.

“ठीक आहे. माझ्या आईची शपथ, मी नाही ओतणार. तो पत्र्याचा मगही कपाटात ठेवते. झालं?”

झालं, असं इस्क्राला वाटलं. खोलीत आल्यावर मात्र ती उंबऱ्याकडेच बघत बसली. जन्मात कधी ती कोरड्या उंबऱ्यावरून मोठ्या वाटेला निघाली नव्हती. तिच्या आईनं परीक्षेच्या दिवशी ओतलं होतं, लग्नाच्या दिवशी ओतलं होतं. लग्नाचं काय झालं ते सोडा.

६

मिला पिवळे बूट घालून आली होती. तिचा एक पुढचा दात पडला होता आणि नवा अर्धा आला होता. इस्क्रानं तिला फाटकातच उचललं, कंबरेत कळ आली, तरी उचललं. स्तान्काबाईंनी तिचे गाल ओढले, हातात पाव-चीजची वडी दिली, “काय गं भवाने, आईला इतकं तंगवतात का?” म्हणाल्या. लख्ख ऊन पडलं होतं. अकरा आणि तेरा, दोन्ही खोल्या गप्प होत्या.

सामान म्हणजे दोन पिशव्या आणि एक खोका. इस्क्रानं ते जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. उकडायला लागलं म्हणून आपला निळा कोट काढून पिशव्यांवर टाकला. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं : खोली एकदा नजरेखालून घालायची आणि किल्ली दाराला लावून ठेवायची.

“मिला, इथेच थांब. आलेच.”

खोलीत काही राहिलं नव्हतं. कपाट रिकामं, नळ बंद, गादी गुंडाळलेली. पलंगाच्या उघड्या पट्ट्यांवर ऊन पडलं होतं. पाच महिने दहा दिवस. इस्क्राच्या पायांतून एक कळ निघाली आणि सरळ मानेपर्यंत गेली. दोन मिनिटं, ती म्हणाली. दोन मिनिटं टेकते, मग काय, धावायचंच आहे.

ती टेकली. डोळे मिटले नव्हते तिनं, ती खात्रीनं सांगू शकली असती. बाहेर बोळात मिलाची बडबड चालू होती आणि स्तान्काबाई काही तरी सांगत होत्या.

मग पाणी पडल्याचा आवाज आला.

“पाण्यासारखी वाहो तुझी वाट!” मिला घोकलेलं म्हणून दाखवत होती.

“शाब्बास!” स्तान्काबाईंचा आवाज. “मी शपथ घेतली होती बाई, पोरीनं कुठे घेतली होती? कोरडं कसं पाठवायचं?”

उंबऱ्याच्या आत पाणी होतं. ते परातीएवढं झालं आणि थांबलं. इस्क्रा त्याच्याकडे बघत राहिली. मिला तर माझ्याबरोबर निघालीय, तिच्या मनात आलं. ओतणारा मागे राहतो, मग मिलानं का ओतलं? पोरीला कुणी सांगायला हवं होतं. पण पोरीच्या समोर आत बसलं होतं कोण, तर तिची आई. पोरीनं आत बसलेल्या माणसाला निरोप दिला होता. तिची काही चूक नव्हती.

“चल गं, निघायचं ना?” बोळात कुणी तरी म्हणालं.

आवाज मोकळा होता, खणखणीत. त्यापाठोपाठ हसू आलं. ते हसू इस्क्रानं तीन-चार वर्षांत ऐकलं नव्हतं, तरी ओळखायला तिला क्षणही लागला नाही. दाराच्या फटीतून निळ्या कोटाचं टोक गेलं. मिलाच्या खांद्यावर एक हात आला. बोटांचे सांधे सुजलेले नव्हते.

“आई, तू पिशव्या एका हातात घेशील?” मिला आश्चर्यानं विचारत होती.

इस्क्रा उठली. उठायला जितका वेळ लागायचा तितका लागलाच. ती दारापर्यंत गेली, पाणी ओलांडून तिनं पाऊल बाहेर टाकलं, आणि समोर त्याच खोलीची खिडकी होती. पाठीमागे पलंग होता. तिनं वळून पुन्हा पाणी ओलांडलं. पुन्हा खिडकी.

७

खिडकी उघडी होती. दुसरा मजला काही फार उंच नसतो; खालचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. रस्त्यापलीकडे बसथांबा होता आणि तिथे त्या दोघी उभ्या होत्या. मिला एका पायावर उड्या मारत होती. थोड्या वेळानं निळ्या कोटातली बाईही तिच्याबरोबर उड्या मारू लागली. तिची पाठ इकडे होती. स्तान्काबाई फाटकात उभ्या राहून रुमालानं डोळे पुसत होत्या.

“मिला!” इस्क्रा म्हणाली. ओरडायचं होतं, पण रोज संध्याकाळी निघतो तेवढाच आवाज निघाला.

तरी मिलानं वर पाहिलं. डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. इस्क्रा हरखली. तिनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढले.

“आई, त्या वरच्या खिडकीत कोण बाई आहे?”

कोटातल्या बाईनं मान वळवली, पण पुरती नाही. गालाची कड तेवढी दिसली, उन्हात तजेलदार.

“कुणी तरी असेल तिथलीच. किती दमलेली दिसतेय बिचारी. हात कर तिला.”

मिलानं हात केला. मोठ्यांनी सांगितल्यावर मुलं अनोळखी माणसांना करतात तसा, आणि लगेच तिचं लक्ष येणाऱ्या बसकडे गेलं. ती नवा अर्धा दात दाखवत हसत होती. किती हसत होती! तिला हवी होती तशी आई मिळाली होती, हे इस्क्राला तिथून, इतक्या वरूनही दिसत होतं. रडू फुटावं, तर तेवढंही अंगात त्राण नव्हतं.

भिंतीपलीकडे दोन छोटे खोकले आले, मग एक लांब. तेरा नंबरमध्ये पावलं सुरू झाली. खाली बसचं दार उघडलं. मिला आधी चढली आणि तिनं मागे वळून त्या बाईला हात दिला.

खिडकीतून इस्क्रानंही हात केला.